शेवटच्या डब्यातला उजेड

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटवर कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करत होते. बारामती एमआयडीसीत सकाळच्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून आत शिरत होती, हॉर्न वाजत होते, त्यामुळं तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, काय म्हणाल्या ते नीट ऐकूच आलं नाही. मी आपली उत्साहात म्हणाले, "काकू, पार्सल आलं बघा. तात्यांना सांगा, संध्याकाळी घेऊन येते." काकू म्हणाल्या, "सुनंदा, ते पहाटेच गेले गं. तू आत्ताच ये." पार्सल माझ्या हातातच राहिलं. त्यात शंभर एलईडी होते, पिवळसर उजेडाचे, एकेक दाणा बारीक मिठाच्या खड्याएवढा. तात्यांनीच दवाखान्यातल्या खाटेवरून मला ते मागवायला लावले होते. त्यांनी हातानं केलेल्या छोट्या आगगाडीचे सहा डबे आतून उजळले होते. सातवा, शेवटचा डबा तेवढा अंधारात होता, आणि त्याच्यासाठीच हे दाणे आले होते.

दिनकर तात्या आमच्या दुधाच्या कारखान्यात तीसेक वर्षं वायरमन होते. मूळचे भिगवणजवळच्या डाळजचे. मी वरकुट्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मेन्टेनन्स विभागात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा तात्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. पहिल्याच दिवशी मी एका पॅनेलसमोर वायरिंगचा नकाशा उघडून गंभीर चेहऱ्यानं उभी होते. तात्या मागून आले, नकाशा माझ्या हातातून काढून घेतला, सुलटा केला आणि परत हातात दिला. म्हणाले, "इंजिनेरीणबाई, आता वाचा. मगाशी मोटार छताला टांगलेली दिसत आसंल." सगळा विभाग हसला. माझं रडू फुटायच्या बेतात होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला डबा माझ्यापुढं सरकवला. "घ्या वो. पहिल्या दिवशी मीबी उलटाच धरला व्हता. फरक यवढाच, मला सुलटा करून द्यायला कोण नव्हतं." त्या दिवसापासून मी त्यांना तात्या म्हणायला लागले. ते मात्र शेवटपर्यंत मला इंजिनेरीणबाईच म्हणत. आधी त्यात चेष्टा होती, नंतर अभिमान आला. तो नेमका कधी आला ते मला सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आगगाडी करायला घेतली. इंजिन तेवढं पुण्याहून विकत आणलं. डबे मात्र स्वतः कापले, वीतभर लांबीचे, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे. खिडक्यांचे गज, लाकडी बाकं, वरच्या फळ्या, सगळं हातानं. बघायला येणाऱ्यांना वाटायचं, ह्यांना लहानपणापासून रेल्वेचं वेड असणार. तात्या म्हणायचे, "छ्या! इंजनाचं मला काय कौतुक न्हाय. मला डबा बघायचा आसतो." त्याचं कारण काकू होत्या. त्या दौंडच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होत्या आणि वर्षानुवर्षं पॅसेंजरनं जाऊन-येऊन नोकरी करत होत्या. संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला तात्या त्यांना आणायला सायकल घेऊन स्टेशनवर उभे असत. थंडीच्या दिवसांत तोवर अंधार पडलेला असायचा. आधी इंजिनाचा दिवा, मग एकेक डब्याच्या पिवळ्या खिडक्या पुढून सरकत जायच्या, आणि बायकांचा डबा सगळ्यात शेवटी, फलाट संपतो तिथं जाऊन थांबायचा. तिथून काकू वह्यांची पिशवी घेऊन चालत येत. सायकलला पिशवी अडकवता अडकवता तात्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला, "उजेड कसा व्हता?" आणि काकूंचं ठरलेलं उत्तर, "चांगला होता. निम्म्या वह्या तपासून झाल्या."

रविवारी मी त्यांच्याकडं जायला लागले. पहिल्या डब्यात दिवे बसवायची वेळ आली तेव्हा तात्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं, आणि मी माझी पदवी कामाला लावली. एलईडीला वीज थेट देता येत नाही, मध्ये रेझिस्टर लागतो. तो वीज अडवून धरतो. त्याचा आकडा जितका मोठा, तितका उजेड मंद. मी वहीवर गणित मांडलं. बारा व्होल्टचा पुरवठा, त्यातले तीन एलईडीचे, उरले नऊ. वीस मिलिअँपिअर प्रवाह. चारशे सत्तर ओहमचा रेझिस्टर. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. तात्या चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. मी आठ एलईडी जोडले, तेही झगझगीत पांढरे, कारण माझ्याकडं तेच होते. छत बसवलं आणि बटण दाबलं. डब्याच्या खिडक्यांतून असा उजेड बाहेर आला की आम्ही दोघांनी डोळे बारीक केले. तात्या खाली वाकून आत बघत म्हणाले, "ह्यातनं कोण निघालंय वो? वऱ्हाड का काय?" मी मनातून हिरमुसले, पण गणित बरोबर आहे हे माझं पालुपद चालूच. पंधरा-वीस मिनिटांनी काकू जिन्यातून ओरडल्या, "अहो, काय जळतंय वर?" बघते तर छत मधोमध पापडासारखं फुगून वर आलं होतं. आठही रेझिस्टर तापले होते आणि मी ते छताला चिकटवून ठेवले होते. ते छत करायला तात्यांना चार दिवस लागले होते.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. तात्यांनी वाकडं झालेलं छत उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि खिडकीत ठेवून दिलं. म्हणाले, "फॉर्म्युला खोटा न्हाय तुमचा. पर त्यो काय सांगतो? दिव्याला जास्तीत जास्त किती सोसंल, त्ये. डब्यातल्या माणसाला उजेड किती लागतो, त्ये त्येला काय ठावं? त्ये माणसालाच इचाराय लागतं." मग त्यांनी होमिओपॅथीच्या छोट्या बाटल्यांचं खोकं पुढं ओढलं. प्रत्येक बाटलीत एका आकड्याचे रेझिस्टर, वर चिठ्ठी. त्यातली दहा हजार ओहमची बाटली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "तात्या, ह्यानं एक मिलिअँपिअरसुद्धा मिळणार नाही. पेटणारच नाही दिवा." "लावा तर खरं," ते म्हणाले. लावला. खिडक्यांना पोती अडकवून खोलीत अंधार केला... आणि दिवा पेटला होता. लख्ख नाही, पण पुरेसा. चार वर्षं कॉलेजात मी एलईडीचे आलेख काढले होते, पण इतक्या थोड्या विजेवर तो कसा दिसतो हे कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. रात्री सगळे दिवे पांढरे असतात असं समजणारी मी, त्या दिवशी पिवळसर दिव्यांच्या यादीसाठी दुकानदारांना फोन करत बसले.

तात्यांची दिवा निवडायची रीत अशी. डबा डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा. आत बाकावर कागदाचा एक माणूस बसवायचा, नखाएवढा, त्याच्या हातात वर्तमानपत्राचा कपटा. मग खिडकीतून आत बघायचं आणि विचारायचं, ह्याला पेपर वाचता येईल का? मोठं अक्षर दिसावं, बारीक दिसू नये, असा उजेड आला की तात्या म्हणत, "हां. आता पॅसेंजर झाली." एकेका डब्याला दोन-दोन, तीन-तीन रविवार गेले. एका डब्यात त्यांनी मुद्दाम एक दिवा बंद ठेवला, एकाला जास्त आकड्याचा रेझिस्टर घातला. मी विचारलं तर म्हणाले, "सगळं दिवं सारखं आसलेली गाडी तुमी कदी बघितलीया का?" मी खरंच बघितली नव्हती, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. कंपनीत त्याच सुमारास माझ्याकडं मशीनच्या पॅनेलवरच्या दिव्यांचं काम आलं. ऑपरेटर दिव्यांच्या झगझगाटाला वैतागून त्यांवर चिकटपट्ट्या लावत. मी आधी ऑपरेटरच्या खुर्चीत जाऊन बसले, मग रेझिस्टर बदलले. साहेबांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी सांगितलं, "आपल्याच वायरमनकडं." ते मी आजही तसंच सांगते.

इंदापूरच्या एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनात गाडी मांडायला बोलावलं, तेव्हा आम्ही तिघं टेम्पोतून गाडी मांडीवर घेऊन गेलो. मुख्याध्यापकांनी बघून म्हटलं, "तात्या, दिवे जरा जोरात करा की. मागच्या रांगेतल्या पोरांना दिसायचं न्हाय." तात्या म्हणाले, "पोरं फुडं येतील, सर. दिवं मागं न्यायचं न्हाईत." खिडक्या लावून घ्यायला लावल्या आणि मुलांना दहा-दहाच्या गटानं आत सोडलं. मुलं गुडघ्यांवर बसून डब्यांच्या खिडक्यांतून आत डोकावत होती. एका मुलीनं शेवटच्या डब्याला बोट लावून विचारलं, "आजोबा, ह्यात का अंधार हाय?" तात्या म्हणाले, "त्याचं काम चालू हाय." काकू शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं.

त्या डब्याचं काम तसं दोन वर्षं चालू होतं. बायकांचा डबा. बाकं झाली, गज झाले, रंग झाला, दिवा मात्र ठरेना. दर वेळी तात्या एकटेच काहीतरी जोडून बघायचे आणि काढून टाकायचे. मी म्हणायचे, "तात्या, काकू तर सांगतात की उजेड चांगला होता. मग बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त ठेवू, झालं." ते म्हणायचे, "ठिवू की. गडबड काय हाय." दवाखान्यात मी शेवटचं भेटले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. तरी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "आजून बारीक दाणं मागवा. मोठं दाणं छतात दिसत्यात." मी म्हटलं, मागवते, पण रेझिस्टर कितीचा लावायचा ते तर सांगा. ते हसले. "त्येच तर जमंना, इंजिनेरीणबाई... तुमी बघा." मला वाटलं, थकलेत म्हणून म्हणाले.

तात्या गेल्यावर पाचेक आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "सुनंदा, ते दाणे आहेत ना तुझ्याकडं? ये आणि तेवढा डबा पुरा कर. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही मला." मी गेले. खोली झाडलेली होती, खिडक्यांची पोती धुऊन परत अडकवली होती. मी भिंग लावून, श्वास रोखून, केसासारख्या तारा त्यांतल्या आठ दाण्यांना जोडत बसले. काकू समोर. खरं सांगायचं तर मला धास्ती दाण्यांची नव्हती, आकड्याची होती. सहा डब्यांचे आकडे तात्यांनी ठरवले होते. ह्याचा माझ्यावर टाकून गेले होते, आणि चुकला तर सांगायला ते नव्हते. मी काकूंना विचारलं, "काकू, नीट आठवून सांगा. किती उजेड असायचा?"

काकू म्हणाल्या, "नसायचाच गं."

"म्हणजे?"

"म्हणजे नसायचा. एक दिवा मिणमिणायचा, तोही गाडी थांबली की आणखी उतरायचा. लाल शाई आणि निळी शाई वेगळी कळायची नाही. वह्या कसल्या तपासतेस! पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून बसायचे. पण घरात सासूबाई टपलेल्या. अंधाराची येती, एकलीच आसती, कशापायी करायची ती नोकरी... हे रोजचं. उजेड नाही असं मी एकदा जरी म्हटलं असतं ना, ह्यांनी काळजीपोटी नोकरी सोडायला लावली असती. म्हणून सांगितलं, चांगला असतो. आणि एकदा सांगितलं की मग सांगतच राहिले."

"आणि वह्या?"

"पहाटे साडेचारला उठून तपासायचे. हे उठायचे, चहा करून कप शेजारी ठेवायचे. कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, ह्यांना वाटतंय की उरलेल्या वह्या आहेत." त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "तू आता तो उजेडच लाव. चांगला. मी सांगितलेला. गेलेल्या माणसाला आता कशाला खोटं पाडायचं?"

मी तसंच केलं. इतर डब्यांत होता तो दहा हजारांचा रेझिस्टर तात्पुरता जोडला, पोती खाली सोडून अंधार केला, डबा डोळ्यांसमोर धरला. बाकांवर कागदाच्या बायका बसवलेल्या होत्या. छत झाकलेलं आणि आत अंधार, त्यामुळं त्या आम्ही कधी नीट बघितल्याच नव्हत्या. तिसऱ्या खिडकीशी एक होती, निळ्या काठाच्या साडीतली. काकू एकदम पुढं झाल्या. ती साडी त्यांनी ओळखली. त्या बाईच्या मांडीवर पिशवी होती, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, वह्यांची टोकं वर आलेली. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. सहा डब्यांतल्या प्रत्येक माणसाच्या हातात तात्यांनी काही ना काही वाचायला दिलं होतं. हिच्या हातात काही नव्हतं. हिचे डोळे मिटलेले होते.

काकूंनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं, आता रडतील. पण पदराआडून आवाज आला तो चिडल्यासारखा. "बघ! बघितलंस ह्या माणसाला? सगळं माहीत होतं. आणि रोज मेलं विचारायचं, उजेड कसा व्हता, उजेड कसा व्हता... अहो, माहीत होतं तर विचारायचं कशाला?" मग हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना. पाणी दिलं, घेतलं नाही. दोन वर्षं हा डबा का अडला होता ते मला तेव्हा कळलं. तात्यांना आकडा ठाऊक होता. काकूंनी आपणहून सांगितल्याशिवाय त्यांना तो लावायचा नव्हता, इतकंच.

खरा उजेड लावायचा की सांगितलेला, हे आता मला विचारायची गरज उरली नाही. मी दहा हजार काढले आणि बावीस हजारांचा लावला. काकू खिडकीतून आत बघत म्हणाल्या, "ही तर आमची स्टाफरूम झाली. कमी कर." तेहतीस हजार. "अजून." मग सत्तेचाळीस हजारांची बाटली उघडली. पिवळा, जांभळा, नारिंगी, हे रेझिस्टरचा आकडा सांगणारे तीन पट्टे मी दोनदा वाचले, मीटरवर तपासून घेतलं आणि आठापैकी एकाच दाण्याला जोडून दिलं. बाकीचे सात मोकळे ठेवले. बटण दाबलं. आधी वाटलं, पेटलाच नाही. डोळे सरावले तसा छताच्या मध्ये एक पिवळा ठिपका दिसायला लागला, मग बाकाची कड, मग खिडकीशी टेकलेलं डोकं. चेहरा दिसत नव्हता. साडीचा काठ निळा आहे हेही कळत नव्हतं.

"हां," काकू म्हणाल्या. "हा."

मी जोड पक्के केले, तारा दाबून बसवल्या, छताच्या कडेला डिंकाची बारीक रेघ ओढली आणि छत डब्यावर ठेवलं. हा डिंक पकडेपर्यंत दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी दाबून धरावं लागतं. मी हात पुढं केला तर काकूंनी तो बाजूला सारला आणि स्वतःची बोटं छतावर ठेवली. धरल्या धरल्या त्या बोलायला लागल्या. त्या डब्यात एक भाजीवाली असायची, ती अंधारात चाचपून शेंगा निवडायची. एक नर्सबाई उभ्यानं झोपायची. शिंदेबाई म्हणून होत्या, त्यांना सगळ्यांची स्टेशनं पाठ, त्या एकेकीला हलवून उठवायच्या. हे सगळं त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर अंधारही सांगावा लागला असता. मी घड्याळाकडं बघितलं. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती, डिंक पक्का झाला होता. मी म्हटलं, "काकू, सोडलंत तरी चालेल आता."

"असू दे," त्या म्हणाल्या. "अजून माझं स्टेशन यायचंय."